अपक्षाची बायको

आमच्या दारातल्या चपला बघून आत कोण बसलंय ते मी सांगू शकते. हे काही कौतुकाने सांगत नाही. नवरा राजकारणात पडला की बायकोला अशा विद्या आपोआप येतात. चिखलाने भरलेल्या चपला असल्या की ड्रेनेजची तक्रार. कोरे करकरीत पांढरे बूट असले की कुठल्या तरी पक्षाचा माणूस. आणि दारात चपलाच नसताना आतून बोलण्याचा आवाज येत असला, तर आलेल्याने चपला हातात धरून आत नेल्यात आणि आपण इथे आलो होतो हे कुणाला कळू नये अशी त्याची इच्छा आहे. अशा माणसाला मी चहा नेहमी स्वतः नेते. चेहरा बघून ठेवलेला बरा.

माझा स्वभाव मुळातच संशयी. आई म्हणायची, लोक दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात, आमची ही आधीपासूनच फुंकते. लग्न होऊन सिन्नरहून नाशिकला आले तेव्हा यांचं इंदिरानगरात हार्डवेअरचं दुकान होतं. नळ, पाइप, रंगाचे डबे. संशय घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. गिऱ्हाइकांशी बोलताबोलता हे वॉर्डातल्या सगळ्यांचे झाले, मग गणेश मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि मग एका पक्षाकडे तिकीट मागायला गेले. तिकीट मिळालं नाही. घरी येऊन रागारागाने जेवले आणि म्हणाले, "अपक्ष उभा राहतो." मी म्हटलं, राहा. पडतील आणि दुकानात परत बसतील असं मला वाटलं होतं. ते निवडून आले.

पुढाऱ्याची बायको म्हणजे काय हे मला तिथून कळायला लागलं. भाजी घ्यायला गेलं की मेथीची जुडी हातात असताना कुणीतरी पाण्याच्या वेळा विचारतं. उद्घाटनाला जास्त हसलं तर 'हिला फार झालंय', कमी हसलं तर 'हिला गर्व झालाय'. साडी भारी नेसली तर लोक भुवया उंचावतात, साधी नेसली तर म्हणतात नाटकं करते. मी एक मधला चेहरा तयार केला होता आणि घराबाहेर पडताना तो चढवून जायचे. घरी आल्यावर गाल दुखायचे.

तरी हे सगळं मी निभावून नेलं असतं. पण त्या निवडणुकीत महापालिकेत कुणालाच बहुमत मिळालं नाही. महापौर नगरसेवकच निवडतात, तोही सभागृहात सगळ्यांसमोर हात वर करून. दोन्ही बाजूंचं पारडं जवळजवळ सारखं, आणि मध्ये आमचे हे, अपक्ष. यांनी एका बाजूला पाठिंबा जाहीर केला. त्या बाजूच्या शहरातल्या नेत्याला सगळे भाऊ म्हणायचे, आम्हीही भाऊच म्हणायचो. पाठिंबा दिला, हार घातले, पेढे वाटले, तरी भाऊंचा यांच्यावर विश्वास नव्हता. अपक्षावर कोण विश्वास ठेवतो? त्याला बांधायला पक्षाचं दावंच नसतं.

अशा वेळी आपल्याकडे एक पद्धत आहे, ती आता सगळ्यांना पाठ झाली आहे. मतदान होईपर्यंत आपल्या बाजूच्या सगळ्या नगरसेवकांना बसमध्ये घालून लांबच्या रिसॉर्टवर नेऊन ठेवायचं. याला सहल म्हणतात. फोन काढून घेतात. बाहेर सांगतात गोवा, आणि असतात बहुतेक घोटीच्या पुढे कुठेतरी धरणाकाठी. समोरच्या बाजूने माणूस फोडू नये म्हणून ही सगळी राखण.

संक्रांत झाल्यावर दोनतीन दिवसांत सकाळी आमच्या दारात बस आली. मी डब्यात तिळगुळाचे लाडू भरत होते. हे शर्टाची बटणं लावत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"अगं, हळदीकुंकवाचे दिवस आहेत," म्हणाले. "कुणी बोलावलं तर जात जा. कुणाचंही असो. कुंकवाला नाही म्हणू नये."

मी हातातला लाडू तसाच धरून यांच्याकडे बघितलं. दरवर्षी रथसप्तमीपर्यंत मी हळदीकुंकवांना जाते आणि दरवर्षी हे कुरकुरतात, की घरात स्टीलच्या वाट्यांची आणि प्लास्टिकच्या डब्यांची खाण उघडली आहेस का. आज अचानक हे काय? पण निघताना माणूस जरा हळवा होतो, असं मी मनाशी म्हटलं. मीही हळवीच झाले होते. यांनी फोन एका माणसाने पुढे केलेल्या कापडी पिशवीत टाकला आणि बसमध्ये चढले. खिडकीतून हातही केला नाही.

त्याच संध्याकाळी एक बाई आली, तिला सगळे मावशी म्हणायचे. पन्नाशीची, उंच, पायात जाड चपला, हातात रेक्झिनची बॅग. भाऊंच्या पक्षाच्या महिला आघाडीतली, घोटीकडची.

"भाऊंनी पाठवलंय," ती दारातूनच म्हणाली. "सोबतीला."

"मला सोबत कशाला? इथे काय चोर येतात?"

"चोर नाय ओ वहिनी. माणसं येतात." आणि ती आत येऊन बसली.

बसली तीही अशी नेमकी, की सोफ्याच्या त्या टोकावरून पुढचं दारही दिसतं आणि स्वयंपाकघरही. ती जागा मला ठाऊक होती, कारण मीही लक्ष ठेवायचं असलं की तिथेच बसते. फोन तिने खिडकीजवळच्या प्लगला लावला. मग उठून माझ्या हातातली विळी घेतली आणि म्हणाली, "द्या, मी चिरते. तुम्ही बसा." स्वतःच्या घरात मीच पाहुणी झाले.

दुसऱ्या दिवशी मी तिची परीक्षा घेतली. कपडे वाळत घालताना सहज म्हणते आहे असं दाखवून म्हणाले, "उद्या सिन्नरला आईकडे जाऊन येईन म्हणते." जायचं नव्हतंच. चहाच्या वेळेला भाऊंचा फोन आला. "काय वहिनी, बऱ्या आहात ना? माहेरी निघालात म्हणे?" मी म्हटलं, छे हो, कुणी सांगितलं? ते हसले. मावशी गॅलरीत तुळशीला पाणी घालत होती आणि माझ्याकडे पाठ करून होती. मला राग आला, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आपला संशय खरा निघाला की बरं वाटतं, त्याला काय करणार?

त्यानंतर मला सगळीकडेच तेच दिसायला लागलं. दूधवाला रोज घंटी वाजवून जातो, आता थांबून विचारायला लागला, "साहेब आले का?" सोसायटीचा वॉचमन माझ्याकडे येणाऱ्यांच्या गाड्यांचे नंबर मान वाकडी करून वाचायचा. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी कधी वाटीभर साखर दिली नव्हती, त्या कढी घेऊन आल्या आणि वाटी परत न्यायच्या निमित्ताने दोनदा आल्या. मी कुणालाच काही सांगत नव्हते, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. पण भीती होती. माझ्या एखाद्या शब्दावरून, एखाद्या पावलावरून तिकडे यांच्यावर वहीम आला तर? सगळ्यांच्या मध्ये हे एकटे. कुणी यांना गद्दार म्हटलं की संपलं. इतक्या वर्षांनी यांच्या नावाला जो मान मिळाला होता तो माझ्या एका चुकीने जाईल, या धास्तीने मी घरात चालतानासुद्धा पाय जपून टाकत होते.

आणि मग ताईसाहेबांकडचं बोलावणं आलं.

ताईसाहेब म्हणजे समोरच्या बाजूच्या नेत्याची बायको. त्यांचं हळदीकुंकू दरवर्षी मोठ्या लॉनवर होतं, सगळ्या शहरातून बायका जातात. त्यांच्याकडच्या दोघी कुंकवाचा करंडा घेऊन घरोघरी फिरत होत्या. आमच्याकडेही आल्या, मला कुंकू लावलं, "नक्की यायचं हं" म्हणाल्या. सोफ्यावर बसलेल्या मावशीला त्यांनी फक्त नमस्कार केला, कुंकू लावलं नाही. मावशी विधवा होती. तिनेही कपाळ पुढे केलं नाही.

त्या गेल्यावर मावशी म्हणाली, "तिथं नका जाऊ वहिनी."

"का?"

"का काय? तुम्हाला समजत नाय का? लोक काय म्हणतील, भाऊ काय म्हणतील."

मावशीने विनवलं असतं तर मी कदाचित गेले नसते. पण ती हुकूम दिल्यासारखं बोलली आणि माझं डोकं फिरलं. माझ्या घरात, माझ्या विळीवर माझी भाजी चिरून ही मला सांगणार मी कुठे जायचं? मी म्हटलं, "मावशी, हळदीकुंकू आहे. त्यात कसलं राजकारण? कुंकवाला नाही म्हणू नये." बोलताना मला आठवलंही नाही की हे वाक्य माझं नव्हे.

मावशी रिक्षात माझ्याबरोबर बसली. आत मात्र ती येऊ शकत नव्हती. हल्ली काही ठिकाणी विधवांनाही बोलावतात, भाषणंही होतात त्यावर, पण ताईसाहेबांकडे जुनंच चालतं आणि मावशीला स्वतःलाही ते पटलं नसतं. भाऊंनी माझ्यावर पहारा बसवला होता आणि तो नेमका हळदीकुंकवाच्या दारात अडला. इतक्या मुरलेल्या माणसाला हे सुचलं नाही, कारण कोणती बाई कुठे जाऊ शकते आणि कुठे नाही हा हिशोब पुरुष करतच नाहीत. मावशी लॉनच्या फाटकापाशी, बायकांनी काढलेल्या चपलांच्या ढिगाशेजारी, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. आत जाताना मी मागे वळून बघितलं तेव्हा मला तिची कणव आली. पण सुटल्याचा आनंदही झाला.

आत नेहमीसारखंच होतं. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली एक नवी नवरी, माइकवर उखाणे. सगळ्यांना वाण म्हणून झाकणाचे डबे देत होते. मी रांगेत उभी होते. तेवढ्यात ताईसाहेब स्वतः उठून आल्या, माझा हात धरला आणि मला बाजूला घेऊन गेल्या. तिथे पाट मांडला होता, रांगोळी होती.

"बसा," म्हणाल्या. "तुमची ओटी भरायची आहे."

माझीच का? माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला. आजूबाजूला कुणाचीच ओटी भरत नव्हते. मी म्हटलं, अहो कशाला, डबा पुरे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बसवलंच. मी पदर पसरला. खण पडला, नारळ पडला, ओंजळीने गहू पडायला लागले. "आजपासून हे तुमचं माहेर समजा," ताईसाहेब म्हणाल्या, आणि त्याच वेळी मला त्यांच्यामागे एक मुलगी फोन उभा धरून उभी असलेली दिसली. उठावंसं वाटलं. पण ओटी भरताना मध्येच उठता येत नाही. पदरातून नारळ खाली पडला तर तो अपशकुन नवऱ्याला. मी तशीच पदर पसरून बसले आणि फोटो निघत राहिले. मधला चेहरा तेवढा चढवला होता.

बाहेर आल्यावर मावशीने माझ्या पदराकडे बघितलं. "डबा नाय मिळाला?" तिने विचारलं. मी नारळ सावरत रिक्षात चढले. रिक्षात ती सारखी फोनवर काहीतरी दाबत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंच्या नंबरवरून फोन आला. मी "हॅलो भाऊ" म्हटलं आणि पलीकडून यांचा आवाज आला.

"तिथे कशाला मरायला गेली होतीस?"

इतक्या वर्षांत हे माझ्याशी असं बोलले नव्हते. रागावतात तेव्हा गप्प बसतात. मी दचकून म्हटलं, "अहो, हळदीकुंकू होतं..."

"हळदीकुंकू! फोटो फिरतोय तुझा सगळीकडे, ओटी भरून घेताना. अक्कल गहाण ठेवलीस का? इथे माझी मान खाली गेली सगळ्यांसमोर. तुला कुणी सांगितलं होतं तिथे जायला?"

तुम्हीच. हा शब्द माझ्या ओठावर आला होता. पण तेवढ्यात पलीकडे कुणीतरी खोकलं. भाऊंचा खोकला मी ओळखते, सिगारेटचा, शेवटी शिट्टी वाजल्यासारखा. आवाजही खोलीत घुमल्यासारखा येत होता. म्हणजे फोन स्पीकरवर होता आणि सगळे गोल बसून ऐकत होते. आता मी 'तुम्हीच सांगितलं' म्हटलं असतं तर यांचं काय झालं असतं? मी तो शब्द गिळला.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "मला नाही कळलं. खरंच नाही कळलं."

"कधी कळणार तुला? तुझ्यापायी मला गद्दार म्हणतायत लोक!"

मग मी रडले. फोन बंद झाला तरी रडत होते. स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून, लहान मूल रडतं तशी, तोंड उघडं टाकून. यांचं सगळं माझ्यामुळे गेलं, हट्टाने गेले मी, मावशी सांगत होती तरी गेले. मावशीने पाणी आणलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिचा हात खरबरीत आणि ऊबदार होता. मी जरा शांत झाल्यावर ती गॅलरीत गेली. तिचं बोलणं मला ऐकू आलं.

"खरंच रडतात ओ भाऊ. नाटक नाय. भोळी बाई हाय, काय कळत नाय तिला. साहेबांचा काय संबंध नाय त्याच्यात."

मला भोळी म्हटल्याचा राग यायला हवा होता. आला नाही. यांच्यावरचा वहीम टळला असेल तर मी भोळीच काय, वेडीसुद्धा व्हायला तयार होते. मतदानापर्यंतचे ते दिवस मी धड जेवले नाही. एकदा गंगेवर जाऊन आले, काठावर बसून हात जोडले आणि काय मागायचं तेच सुचेना. मावशी सोबत होती. तिने गोदावरीचं पाणी डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "होईल सगळं नीट." आता आम्ही दोघी एकाच बाजूच्या झालो होतो.

मतदानाच्या दिवशी ती पोह्यांची बशी घेऊन माझ्या शेजारी बसली. सभागृहातलं सगळं फोनवर थेट दिसत होतं. हे मला दुसऱ्या रांगेत दिसले, पांढऱ्या शर्टात, दाढी केलेली. जिवात जीव आला. आधी भाऊंच्या उमेदवारासाठी हात वर करायला सांगितलं. हात वर गेले. यांचा गेला नाही. मला वाटलं ऐकू आलं नसेल. मावशी फोनच्या जवळ सरकली. मग समोरच्या उमेदवारासाठी सांगितलं, आणि यांचा हात वर गेला. सरळ, ताठ, शाळेत उत्तर येणारा मुलगा करतो तसा. सभागृहात एकच गदारोळ झाला.

मावशी फोनकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

तिने बशी खाली ठेवली. "काय रडलात ओ वहिनी," ती हळूच म्हणाली. "मी माझा नवरा गेला तवा अशी रडले नव्हते."

"मावशी, देवाशप्पथ, मला खरंच..."

"ऱ्हाऊ द्या. मी माझ्या तोंडाने भाऊंना सांगितलं, नाटक नाय म्हणून. आता भाऊ मला उभी करतात का दारात?" ती बॅग भरायला लागली. चहा घेतला नाही. दारात जाड चपला चढवताना म्हणाली, "तुम्ही दोघं नवराबायको लय पोचलेले हाय." तिच्या आवाजात राग होता, पण थोडं कौतुकही होतं, आणि मला त्या कौतुकाचीच जास्त शिसारी आली.

हे गुलालात माखून घरी आले. ढोल, फटाके, पेढे. ज्या माणसांच्या चपला मी कधी पाहिल्या नव्हत्या त्या दारात पसरल्या होत्या. गर्दी ओसरल्यावर हे स्वयंपाकघरात आले, डब्यातली शेव मुठीत घेतली आणि ओट्याला टेकून खायला लागले. मी विचारलं, हे कधी ठरलं होतं?

"आधीच. उघड होकार देता येत नव्हता, म्हणून त्यांना म्हटलं होतं, बायको तुमच्या हळदीकुंकवाला आली तर माझा होकार समजा. नाही आली तर नाही. फोन काढून घेणार हे माहीतच होतं."

"आणि मी गेलेच नसते तर?"

"तू?" ते हसले. "तुला कुणी नको म्हटलं की तू जातेसच. भाऊ कुणाला तरी पाठवणार आणि ती नको म्हणणार, हे मला ठाऊक होतं."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुला असं रडता आलं असतं का?"

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं, शेव खाता खाता. त्यांना ती माझी स्तुती वाटत होती. तू रडलीस म्हणून मी वाचलो, असंही म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर काय काय येऊन गेलं. दूधवाला, वॉचमन, कढीची वाटी, तुळशीला पाणी घालणारी मावशी. सगळ्या जगावर मी डोळा ठेवून बसले होते. माझ्या शेजारच्या उशीवर झोपणाऱ्या माणसाकडे एकदाही बघितलं नव्हतं. मला त्या दिवशी त्यांचा तिरस्कार वाटला. त्यानंतर दोनतीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही आणि त्यांना ते कळलंही नाही, इतके लोक घरी येत होते.

यांना एका समितीचं सभापतिपद मिळालं, गाडी मिळाली. मला जे मिळालं ते मी मागितलं नव्हतं. लोक आता मला उठून उभे राहून नमस्कार करतात. "एवढं वहिनींच्या कानावर घाला," असं यांना सांगतात. बायका माझ्यासमोर जपून बोलतात. ज्यांनी मला भाऊंच्या बाजूची म्हणून टाळलं होतं त्या म्हणतात, "तुमचं डोकं म्हणजे डोकं आहे." एकीने तर आपल्या सुनेला माझ्या पाया पडायला लावलं आणि म्हणाली, यांच्याकडून शिक जरा. मी प्रत्येकीला सांगितलं, मला काही माहीत नव्हतं. मग नाद सोडला. मी सांगत असताना एकदोघींना एकमेकींना डोळा मारताना बघितलं.

मध्यंतरी सत्तेतल्या सगळ्या जोडप्यांनी मिळून व्हिएतनामला जायचं ठरवलं. हल्ली नाशिकचा जो तो तिकडेच जातो. आम्हीही गेलो, थेपले आणि चिवडा बांधून. एका दुपारी गाइडने आम्हाला एका जुन्या पिवळ्या बंगल्यात कॉफी प्यायला नेलं. तो म्हणाला, युद्धाच्या काळात इथे एक पुढारी राहायचा. भिंतीवर त्याच्या बायकोचा मोठा फोटो होता. उंच गळ्याचा लांब रेशमी झगा, केस वर बांधलेले, एक हात खुर्चीच्या पाठीवर. गाइड त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत होता, की लोक म्हणायचे सगळं हीच ठरवते, साहेब नुसते सही करतात. लोक तिला घाबरायचे.

मी फोटोजवळ गेले. चेहरा हसरा होता, पण ओळखीचा होता. तोच मधला चेहरा. खुर्चीवरची बोटं मात्र घट्ट आवळलेली होती. बंगल्याबाहेर युद्ध चालू असताना हिने कुणाकुणावर नजर ठेवली असेल? स्वयंपाक्यावर, ड्रायव्हरवर, केस बांधून देणाऱ्या बाईवर? आणि कोण जाणे, हिला घरात कधी कुणी काही सांगितलं तरी होतं का.

"तिला कुणी विचारलं होतं का?" मी गाइडला विचारलं. त्याला प्रश्न कळला नाही. तो हसला.

मागून आमच्यातली एक म्हणाली, "आपल्याकडे ह्या वहिनीच! सभापती नुसते सही करतात." सगळे हसले. हेही हसले आणि म्हणाले, "खरंय, आमच्याकडे हायकमांड हीच." मग दुसरी माझा दंड धरून लाडाने म्हणाली, "वहिनी, तुम्ही भाऊंना फोनवर रडून कसं गंडवलंत ते एकदा करून दाखवा ना. आम्ही नुसतं ऐकलंय." दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. एकीने शूटिंग करायला फोन काढला.

मी यांच्याकडे बघितलं. खरं काय ते माहीत असलेला एकच माणूस त्या खोलीत होता. मी म्हटलं, "ते खरं होतं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. यांना विचारा."

सगळ्यांनी यांच्याकडे बघितलं. हे कॉफीचा कप हातात धरून क्षणभर थांबले आणि मला वाटलं, आता सांगतील.

"बघा," हे म्हणाले, "अजूनही कबूल करत नाही!"

सगळे इतके हसले की बाजूच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मला रडू आलं. डोळे भरून आले, ओघळले, मला ते थांबवता येईनात, आणि फोन धरलेली ती बाई आनंदाने ओरडली, "आलं, आलं! शूट होतंय, वहिनी, थांबू नका."